हातोड्यावरच्या एकोणीस पट्ट्या

नांदे,
५ सप्टेंबर २०२४

आदरणीय बाबालालचाचा,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही फोन उचलता, "कोण? मोठ्यानं बोला" एवढंच म्हणता आणि ठेवून देता. असं तीनदा झाल्यावर पत्र लिहायला बसले आहे. चाची म्हणाल्या होत्या, ऐरणीने तुमचे कान कधीच खाल्ले, पण वाचायला तुम्ही पेपरातल्या जाहिरातीसुद्धा सोडत नाही. शाळेत असताना वाशीमहून मामाला पत्र लिहिलं होतं, त्यानंतर हे पहिलंच. अक्षराला हसू नका.

मागच्या आठवड्यात आम्ही मालेत येऊन सेहेचाळीस जणांच्या हाताची पकड मोजली, एकवीस पुरुष आणि पंचवीस बाया. आमची संस्था भातकापणीचा नवा विळा करते आहे. त्याची मूठ किती जाड असावी, म्हणजे दिवसभर कापूनही हात भरून येणार नाही, हे ठरवायला ही मोजदाद. यंत्र मुठीत धरून दाबायचं, काटा किलो दाखवतो. तुमच्याच दुकानाच्या ओट्यावर बसून हे केलं, कारण गावात विळा म्हटला की सगळे तुमच्याकडे बोट दाखवत होते.

तुम्हीही यंत्र दाबलंत. काट्याकडे पाहिलंत. मग माझ्या हातातली वही ओढून घेतलीत, स्वतःचं नाव खोडलंत आणि आत निघून गेलात. मी निघेपर्यंत तुम्ही बाहेर आला नाहीत.

बेचाळीस वर्षं विळे घडवणारा माणूस यादीत नसेल, तर त्या यादीत राम नाही. माझ्याकडून काही आगळीक झाली असेल तर कान पकडते. पण कारण कळवा आणि तुमचं नाव पुन्हा लिहायची परवानगी द्या. पत्ता लिहिलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे.

उत्तराची वाट पाहणारी,
जुईली

*

माले,
१४ सप्टेंबर २०२४

जुईली मॅडमना बाबालाल शिकलगारचा सलाम.

पत्र पोचलं. कुशाबा पोस्टमनने ते सबंध आळीला दाखवत आणलं. टाइप केलेला पत्ता बघून बँकेची नोटीस आली असं लोकांना वाटलं आणि चार माणसं विचारपूस करायला आली. त्यांच्या चहाचा खर्च तुमच्या संस्थेवर घालायला हवा.

नाव खोडलं त्याला कारण काही नाही. नाव माझं, मर्जी माझी. मी होऊन यंत्राला हात लावला नव्हता, तुम्हीच "चाचा एकदा, चाचा एकदा" केलंत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्या आधी आमच्या घरातल्या माणसाने काटा सत्तावीसवर नेला होता. माझा एकोणीसवर थांबला. ओट्यावर बसलेले बंडोपंत म्हणाले, "बाबालाल, आता चाँदबीच्या हातात हातोडा दे आन् तू भाकऱ्या थाप." सगळे हसले. मीही हसलो असतो, पण मला ऐकू येत नाही, असं दाखवणं बरं पडलं.

मूठ किती जाड ठेवतो, असं तुम्ही त्या दिवशी विचारत होता, ते सांगतो. मी मोजत बसत नाही. लाकूड तासत आणतो आणि माझ्या मुठीत धरून बघतो. बोटांची टोकं तळव्याला अलगद टेकली की तासणं बंद. अब्बांनी असंच शिकवलं. पुरुष गिऱ्हाईक कुरकुर करतात, बारीक झाली म्हणतात. बाया काही बोलत नाहीत, पण पुढच्या वर्षी परत येतात.

आता हेही सांगून टाकतो, की हा माझा शेवटचा हंगाम. दसरा झाला की दुकान बंद. ऐरण न्यायला पिरंगुटच्या भंगारवाल्याला सांगून ठेवलं आहे. तुमचे नवे विळे येतच आहेत. मग यादीत माझं नाव असलं काय आणि नसलं काय?

पाकीट पाठवलंत ते चांगलं केलंत. पोस्टात जायची एक खेप वाचली.

बाबालाल

*

नांदे,
१९ सप्टेंबर २०२४

आदरणीय चाचा,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. आमच्या विळ्यामुळे तुमचं दुकान बंद होणार असेल, तर मला तो विळा नको. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. काल साहेबांशी बोलले. पाती कारखान्यात झाली तरी मुठी मालेत, तुमच्या देखरेखीखाली करता येतील असं सुचवलं. ते नाही म्हणाले नाहीत. विळ्यावर तुमचं नाव घालू, असंही मी बोलून बसले आहे.

चाचा, मी हे काम धरलं ते आईमुळे. ती वाशीमला शिवणकाम करते. तिची कात्री पुरुष शिंप्याच्या हाताची. अंगठ्याला पंचवीस वर्षांचा घट्टा आहे. हत्यार माणसाच्या हाताचं असावं, एवढंच मला करायचं होतं. त्यात एखाद्याच्या हातातलं हत्यार काढून घ्यायला मी निघाले नव्हते. माझ्या यंत्रापायी तुमची ऐरण जाणार, हे मनाला फार लागलं आहे.

ऐरण देऊ नका. निदान माझं बोलणं पक्कं होईपर्यंत थांबा.

तुमची अपराधी,
जुईली

*

माले,
२६ सप्टेंबर २०२४

जुईली मॅडम,

उगाच अपराधी वगैरे होऊ नका. तुमच्या विळ्याला मी भीत नाही. कारखान्याचे विळे मी तीस वर्षं बघतो आहे. लोक ते घेतात आणि पौर्णिमा उलटायच्या आत धार लावायला माझ्याकडेच आणतात. तुमच्या साहेबांनी माझ्यावर उपकार करायचं कारण नाही आणि माझं नाव कुठे घालायचीही गरज नाही.

माणसाला कामाचा कंटाळा येऊ शकतो की नाही? मला आला आहे. ऐरण १५ ऑक्टोबरला जाणार. या विषयावर पुन्हा लिहू नये.

बाबालाल शिकलगार

*

(याच पाकिटात, वहीच्या पानावर)

जुईली,

मी चाँदबी. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हून ही चिट्टी आत सारली. चवथीपतुर शिकले हाय, समजून घे.

ह्येंचं काय ऐकू नको. कंटाळा न्हाई आन् फिंटाळा न्हाई. हात चालंना झालाय. वरीसभर हातोडा धरला की निसटतोय, सांजच्याला बोटं मिटत न्हाईत, चहाचा कप दोनी हातांनी धरत्यात. ह्येंला वाटतं मला म्हायती न्हाई. माझे सासरे साठीनंतर उजव्या हातानं गेले. हात वाळत वाळत काडी झाला, शेवटी मी घास भरवायची. ह्येंला वाटतं तेच चालू झालंय. तुझ्या यंत्रानं येकोणीस दावलं तवापासनं तर बोलणंच बंद. डाक्तरकडं चला म्हटलं तर म्हणत्यात, "डाक्तर काय सांगणार ते मला ठावं हाय."

ऐरण गेली तर हे माणूस हुबं ऱ्हायचं न्हाई. त्येंची तेवढीच भाषा हाय बघ, कानानं तर काय ऐकत न्हाईत.

तुझ्या यंत्राचं खरं असतं का गं? का कवा कवा चुकतं बी? येवढं कळव. पर मी लिवलं म्हून सांगू नको.

चाँदबी

*

नांदे,
३० सप्टेंबर २०२४

आदरणीय चाचा,

पुन्हा लिहू नये असं लिहिलंत, तरी लिहिते आहे. मला कोणी काही सांगितलेलं नाही, कोणाची चिठ्ठी वगैरे आलेली नाही. मी आपली मनानेच वही उघडून बसले, एवढंच.

तर, चूक माझी आहे. नीट वाचा.

त्या यंत्राला पाच खाचा असतात. खाच बदलली की दाबायची दांडी जवळ किंवा लांब जाते. लहान हाताला जवळची लागते, मोठ्याला लांबची. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. मी मात्र ओट्यावर बसल्या बसल्या वेळ वाचवायला काय केलं? पुरुष आला की तिसरी खाच, बाई आली की दुसरी. हात बघितलाच नाही. हाताची लांबी मोजत होते, वहीत लिहीत होते, पण समोर लिहिलेलं डोक्यात शिरत नव्हतं. तुम्ही नाव खोडलंत, पण त्यापुढचा आकडा खोडायला विसरलात. चाचा, तुमच्या हाताची लांबी साडेसोळा सेंटिमीटर आहे. चाचींची अठरा.

दांडी लांब असेल तर बोटांची नुसती टोकं लागतात, जोर लावायला जागाच मिळत नाही. मग पैलवान असला तरी काटा चढायचा नाही. म्हणजे तो एकोणीसचा आकडा तुमच्या ताकदीचा नव्हताच, माझ्या हलगर्जीचा होता. आणि फक्त तुमचाच नाही. एकवीसपैकी सात पुरुषांचे हात तिसऱ्या खाचेला लहान आहेत आणि पाच बायांचे दुसरीला मोठे. हा सगळा अहवाल साहेबांच्या टेबलावर सहीसाठी ठेवलेला होता. मी तो परत उचलून आणला. फार बोलणी खाल्ली.

रविवारी, सहा तारखेला, यंत्र घेऊन येते आहे. भंगारवाल्याचं काय ते त्यानंतर ठरवा. दार लावून घेतलंत तर ओट्यावर बसून राहीन. बंडोपंतांशी गप्पा मारीन.

येतेच आहे,
जुईली

*

माले,
१६ ऑक्टोबर २०२४

प्रिय जुईली,

मॅडम म्हणायचं सोडलं आहे. ज्या पोरीवर मी रविवारी भर आळीत ओरडलो, तिला आता मॅडम म्हणणं शोभत नाही. आधी त्याची माफी. मग पुढचं.

तू दुसऱ्या खाचेवर माझ्याकडून दाबून घेतलंस आणि काटा एकतीसवर गेला, तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. मला वाटलं, म्हाताऱ्याची कीव येऊन या पोरीने यंत्रात काहीतरी खुट्ट केलं. म्हणून मी बंडोपंतांनाही त्याच खाचेवर दाबायला लावलं. ते अठ्ठावीसच्या पुढे गेले नाहीत आणि यंत्र बिघडलंय म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं. तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं.

पण मग तू म्हणालीस, "ताकद एकतीस आहे तर हातोडा का निसटतो?" आणि माझा हातोडा उचललास. तो निसटतो हे तुला कोणी सांगितलं, ते मी विचारत नाही. त्याच्या दांड्याभोवती तुझी बोटं पोचेनात. माझीही पोचत नव्हती. तू पट्टी लावून मोजलंस, त्रेपन्न मिलिमीटर. "हा दांडा आहे की उखळातलं मुसळ?" असं विचारलंस. तिथे माझं डोकं फिरलं.

त्या वेळी तुला धड सांगितलं नाही, ते आता सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाव आपापली हत्यारं पूजतं. त्याआधी आठवडाभर आमच्याकडे धारेला रीघ लागते. ते काम संपलं की अब्बा आपल्या हातोड्याच्या दांड्यावर सायकलच्या ट्यूबची नवी पट्टी गुंडाळायचे, म्हणजे वर्षभर हात घसरत नाही. अब्बा गेल्यावर मीही दरवर्षी एक पट्टी चढवत आलो, जुनीवर नवी. जुनी काढायची नाही, कारण खालची शेवटची पट्टी अब्बांच्या हातची. त्यांचा घाम आहे तिच्यात. दांडा दरसाल दोऱ्याएवढा वाढला असेल, ते काही कळत नाही. मागच्या साली हात घसरायला लागला म्हणून मी दोन चढवल्या. यंदा मधेच आणखी एक. म्हणजे पकड बसावी म्हणून मीच पकड घालवत होतो. तू म्हणालीस, सगळ्या पट्ट्या कापून टाका. मी म्हणालो, बापाच्या अंगावरची कातडी काढ म्हणालीस तर काढेन, ही नाही. आणि आणखीही काय काय बोललो. तू यंत्र पिशवीत भरलंस आणि साडेपाचच्या एसटीने गेलीस.

तू गेल्यावर चाँदबीने काय केलं असेल? काहीच नाही. भाकऱ्या करत बसली. जेवायला वाढलं आणि माझ्या समोर तोंड आणून, ओठ दिसतील असं सावकाश म्हणाली, "तुमच्या अब्बांनी जुनी पट्टी कवाच ठिवली न्हाई. दर साली आदल्या सांजंला कापून चुलीम्होरं टाकायचे, मंगच नवी. मी सून म्हून आले तवापासनं मीच ते केर भरत हुते."

मी म्हणालो, "मी कधी नाही बघितलं."

"तुमी कवा बघनार? त्या आठवड्यात सायकलीला चाक बांधून धार लावाया गावं फिरत हुता. तुमी यायचा तवा नवी लागलेली असायची."

जुईली, मी अर्धी भाकरी तशीच हातात धरून बसलो. जी गोष्ट बाप दरवर्षी काढून फेकत होता, ती मी बापाची आठवण म्हणून चौतीस वर्षं जपली. बरं, ही बाई एवढी वर्षं गप्प का बसली, तर म्हणे, "मला वाटलं तुमाला तशीच बरी पडत असंल. लोखंडातलं मला काय कळतंय!"

खंडेनवमीला सकाळी अंघोळ करून बसलो आणि कापायला घेतलं. एकोणीस पट्ट्या निघाल्या, बाकीच्या मधल्या मध्ये झिजून गेलेल्या. शेवटच्या पट्टीला हात थांबला, खोटं कशाला बोलू. तीही कापली. खाली बाभळीचा दांडा निघाला, तुळतुळीत, अब्बांच्या अंगठ्याचा खळगा पडलेला. मुठीत धरला. बोटांची टोकं तळव्याला टेकली. मी ऐरणीवर एक ठोका टाकला, मग चार टाकले. चाँदबी दारात उभी राहून रडत होती आणि मला म्हणाली, धूर गेला डोळ्यांत. चूल तर पेटलेली नव्हती.

परवा, सोमवारी, पौडला डॉक्टरांकडेही जाऊन आलो. पट्ट्या निघाल्या तरी मनात पाल चुकचुकत होती. त्यांनी बोटं वाकवली, टोचून बघितली, दोन्ही दंडांना टेप लावला. म्हणाले, हात वाळत वगैरे नाही, नसही ठीक आहे. जाड वस्तू वर्षभर आवळून धरल्याने बोटांच्या शिरा सुजल्या आहेत. तीन आठवडे हातोडा बंद, रात्री गरम पाण्यात हात, मग हळूहळू काम. माझा जीव भांड्यात पडला. पौडच्या स्टँडवर मी वडापाव उजव्या हाताने खाल्ला आणि चहाचा ग्लासही एकाच हाताने धरला. शेजारच्या बाईला वाटलं असेल, म्हातारा ग्लासाकडे बघून का हसतोय.

पोरी, मी घाबरलो होतो. मरणाला नाही. कोणी घास भरवायची वेळ येईल, याला. अब्बांना भरवताना त्यांच्या डोळ्यांत जे दिसायचं ते मला माझ्या डोळ्यांत नको होतं. म्हणून ऐरण आधीच काढून टाकायला निघालो होतो. चोर हातोडा होता आणि मी फाशी हाताला देत होतो.

आणखी एक कबूल करतो. माझा हात लहान आहे, हे मला तुझ्या टेपच्या आधीपासून माहीत आहे. शाळेत पोरं चिडवायची. शिकलगाराच्या पोटी बाईचा हात आला, असं अब्बांचे मित्रही म्हणायचे. म्हणून चारचौघांत मी कोणाशी हात मिळवत नाही, लांबून सलाम करतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू ती वहीत उघडलीस, म्हणून खोडलं. नाव परत लिही. लांबीही लिही.

भंगारवाला काल टेम्पो घेऊन आला होता. त्याला चहा पाजला आणि रिकामा पाठवला. शिव्या देत गेला असावा. मला ऐकू येत नाही.

तुझ्यावर ओरडलेला,
बाबालालचाचा

*

नांदे,
२२ ऑक्टोबर २०२४

प्रिय चाचा,

तुमचं पत्र ऑफिसमध्ये उघडलं आणि डॉक्टरांच्या ओळीपर्यंत आल्यावर मी चक्क उभी राहिले. शेजारच्या टेबलावरच्या किमयाने विचारलं, लॉटरी लागली का? मी म्हटलं, त्याहून मोठं. रविवारी एसटीत बसल्यावर पिरंगुट येईपर्यंत रडत होते, हेही आता सांगायला हरकत नाही. तुमचा राग आला नव्हता. पट्ट्या निघाल्या नाहीत तर काय, ही भीती होती. आता तुमच्या ओरडण्याची सगळी माफी. व्याजासकट.

तुम्ही सांगितल्याशिवाय कोणाला कळणार नाही अशी एक गोष्ट आता मी तुम्हाला सांगते.

तुम्हाला सहा तारखेला मोजलंच होतं, बाकीच्या पंचेचाळीस जणांना आमच्या टीमने मागच्या आठवड्यात पुन्हा मोजलं, या वेळी आधी हात बघून, मग खाच. त्याबरोबर वेगवेगळ्या जाडीच्या सहा मुठी देऊन प्रत्येकाकडून गवत कापून घेतलं. मालेतल्या आणि आसपासच्या बायांपैकी बहुतेकींची पकड ज्या मुठीवर सगळ्यात चांगली बसली आणि हात सगळ्यात कमी थकला, ती अठ्ठावीस मिलिमीटरची. मग मी तुमच्याकडून आणलेला विळा मोजला. अठ्ठावीस! दुसऱ्या, तिसऱ्या विळ्याचीही तीच. आमच्या संस्थेने आठ महिने घालवून जे काढलं, ते तुम्ही बेचाळीस वर्षं तासत होता. जान्हवी मारणेंना मी विचारलं, बाबालालचाचांचाच विळा का घेता? त्या म्हणाल्या, "त्येंचा इळा हातात फिरत न्हाई. सांजंला भाकरी थापाया हात शिल्लक ऱ्हातो."

चाचा, तुम्ही मूठ स्वतःच्या हाताने ठरवत होता आणि तुमचा हात या बायांच्या हाताएवढा आहे. म्हणून पुरुष कुरकुरत होते आणि बाया परत येत होत्या. ज्या हाताला तुम्ही आयुष्यभर लपवलंत, त्या हाताने या खोऱ्यातल्या किती बायांचे हात वाचवले, याचा हिशोब माझं यंत्र करू शकत नाही. मला तुमच्या हाताचा फार अभिमान वाटतो. हे तोंडावर बोलता आलं नसतं, पत्रात लिहिता येतं.

नवा विळा आता पुरुषाचा आणि बाईचा असा दोन प्रकारचा निघणार नाही. तीन मापांच्या मुठी निघतील आणि दुकानात हात लावून बघून घ्यायच्या. साहेबांनी तेवढं मान्य केलं आहे.

एक राहिलं. अठरा सेंटिमीटरच्या हाताला अठ्ठावीसची मूठ बारीक पडायला हवी. चाचींना तुमचा विळा कसा काय चालतो? विचारून कळवा, वहीत लिहायचं आहे.

हाताला आराम द्या. तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे.

आनंदात असलेली,
जुईली

*

माले,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय जुईली,

तुला वहीत काय लिहायचं ते लिहायचं आहे, पण तुझ्या त्या एका ओळीने माझ्या घरात काय झालं ते ऐक.

तुझं पत्र मी चाँदबीला वाचून दाखवलं. अभिमानाची ओळ दोनदा वाचली, दुसऱ्यांदा बंडोपंत ओट्यावर येऊन बसल्यावर, जरा मोठ्याने. मग शेवटचा प्रश्न वाचला आणि सहज विचारलं, "काय गं, तुला कसा चालतो माझा विळा?"

   ती उठली, तांदळाच्या कणगीमागे हात घातला आणि एक विळा काढून माझ्यापुढे ठेवला. पौडच्या बाजारातला, कारखान्याचा, लाल प्लॅस्टिकच्या जाड मुठीचा.

शिकलगाराच्या घरात! वर्षानुवर्षं ही बाई बाहेरच्या विळ्याने भात कापत होती. हा म्हणे चौथा. धार लावायला तो गावातल्या दुसऱ्या बाईच्या हाती माझ्याच दुकानात यायचा आणि मी मूर्खासारखा लावून द्यायचो. "तुमचा इळा माझ्या मुठीत हरवतो," म्हणाली. "तळव्याला नखं रुततात. पर सांगू कशी? सारं खोरं तुमची मूठ चांगली म्हनतंय, आन् घरचीच बाई वाईट म्हनती म्हटल्यावर लोकं काय म्हनतील?"

मी दिवसभर रागावून ओट्यावर बसून राहिलो. संध्याकाळी राग जायला लागला, कारण तो टिकवायला काही आधारच सापडेना. मी माझी मूठ झाकत होतो आणि ती तिचा विळा. माझा हात लहान आहे हे लोकांना कळू नये म्हणून मी, आणि तिचा मोठा आहे हे मला लागू नये म्हणून ती. एका छपराखाली दोन शहाणी माणसं.

तीन आठवडे मागच्या सोमवारी पुरे झाले. सूज उतरली आहे, बोटं मिटतात. शुक्रवारी पहिलं काम काढलं ते कोणा गिऱ्हाइकाचं नाही. ट्रकच्या जुन्या पाट्याचं लोखंड घेतलं, पात्याला बाक दिला, पाणी दिलं. मग मुठीला सागाचा तुकडा घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा अडलो. माझ्या मुठीत धरून काय कळणार? चाँदबीला हाक मारली. "हात दे," म्हटलं. ती म्हणाली, "हितं? रस्त्यावर?" मी म्हटलं, इथंच. तिने पदराला हात पुसला आणि पुढे केला. लाकूड तिच्या मुठीत ठेवायचं, बोटं कुठे पोचतात बघायचं, काढायचं, तासायचं, पुन्हा ठेवायचं. नऊ वेळा केलं. येणारे-जाणारे थांबून बघत होते. माझा हात तिच्या हाताशेजारी उघडा होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही. जुईली, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

नवव्या वेळेला तिच्या बोटांची टोकं तळव्याला अलगद टेकली. मी तासणं थांबवलं.

काल खालच्या खाचरातला राहिलेला इंद्रायणी भात कापायचा होता. ती नवा विळा घेऊन उतरली. मी बांधावर बसलो. तिने मूठभर धाटं धरली, विळा ओढला, पुन्हा धरली, पुन्हा ओढला. एक ओळ पुरी करून कंबर सरळ केली, तळवा उघडून बघितला आणि माझ्याकडे वळून, मला ओठ नीट दिसतील असं, सावकाश म्हणाली,

"आता म्या तुमची गिऱ्हाईक."

एवढंच लिही वहीत.

तुझा,
बाबालालचाचा